राजवाड्यांचं दप्तर

इतिहास-संशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. बायको तरुणपणीच गेलेली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही, त्यामुळे स्वतःचा असा संसार मागे नव्हता. मागे राहिलं ते दप्तर. आणि ९ जानेवारी १९२७ रोजी, म्हणजे गेलेल्या माणसाचे दिवसवार आटोपण्याच्या सुमारासच, धुळेकरांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. घरातला कर्ता गेला की पोरक्या झालेल्या लेकराला कोण सांभाळणार, हा प्रश्न भाऊबंद बसून सोडवतात. इथे भाऊबंदांच्या जागी वकील, शिक्षक, व्यापारी असं एक गाव बसलं आणि लेकराच्या जागी होते कागद.

त्या दप्तराबद्दल मला लिहायचं आहे. राजवाड्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांचा तापट स्वभाव, मराठीतच लिहिण्याचा हट्ट, गावोगावची पायपीट, स्वतःच्या हाताने रांधून खाणं, या गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत झाल्या आहेत. दप्तराबद्दल मात्र कोणी बोलत नाही. वास्तविक राजवाडे त्रेसष्टाव्या वर्षी गेले आणि दप्तर अजून आहे. आज ते राजवाड्यांहून वयाने मोठं आहे, आणि त्यातले कितीतरी कागद तर राजवाड्यांच्या पणजोबांहूनही जुने आहेत.

दप्तर म्हटलं की शाळकरी मुलाच्या पाठीवरची पिशवी आठवते. पण इतिहासाच्या मंडळींत दप्तर म्हणजे एका घराण्याचे, कचेरीचे किंवा माणसाचे एकत्र ठेवलेले सगळे कागद. जुन्या दप्तराचा पोशाख ठरलेला. कागदांची पुडकी करायची, वर-खाली फळ्या किंवा पुठ्ठे लावायचे आणि खारव्याच्या नाहीतर मांजरपाटाच्या चौकोनी फडक्यात बांधून गाठ मारायची. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की आधी वास येतो, जुन्या कागदाचा आणि धुळीचा, कुठे कोणी घालून ठेवलेल्या वेखंडाच्या पुरचुंडीचा. मग कागद दिसतात. काही हातभर लांब, काही बोटभर रुंद. काहींच्या कडा कसरीने खाल्लेल्या, काहींच्या घड्यांवर भोकं पडलेली.

या दप्तरात दोन रक्तं आहेत. एक, राजवाड्यांनी महाराष्ट्रभर हिंडून जमवलेले जुने कागद आणि पोथ्या. दुसरं, राजवाड्यांचे स्वतःचे: टिपणं, नकला, याद्या, अपुरे लेख, शब्दांचे धागेदोरे उकलणारी पानं. पहिले कागद मराठे सरदारांचे, कारकुनांचे, पाटील-कुळकर्ण्यांचे. दुसरे एका माणसाचे, ज्याने त्या सगळ्यांचं ऐकून घेण्यात आयुष्य घालवलं. मला या दोन्हींत उजवं-डावं करता येत नाही. पानिपताहून आलेलं पत्र हे जसं साधन, तसंच ते पत्र वाचताना राजवाड्यांनी केलेली नोंद हेही आता साधनच झालं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी माणूस आपल्या भूतकाळाकडे कशा नजरेने बघत होता, हे त्या नोंदीवाचून कळणार नाही.

आता यातला पहिल्या प्रकारचा एखादा कागद डोळ्यांसमोर आणा. जुन्नरी किंवा दौलताबादी, हाताने केलेला. घोटून गुळगुळीत केलेला असल्याने अडीचशे वर्षांनंतरही त्यावरून बोट सरकतं. पत्र लांब असेल तर एकाखाली एक बंद चिकटवून लांबवलेला आणि जोडावर पाठीमागून शिक्का, म्हणजे मधलाच तुकडा काढून कोणी दुसरा घुसवू नये. लेखणी बोरूची, शाई काजळाची. काजळाची शाई उन्हाने विटत नाही. त्या काळचा कागद तपकिरी पडला तरी अक्षर काळंभोर राहतं. पण ती डिंकात कालवलेली असते, म्हणून पाण्याचा एक थेंब पडला की ओळच्या ओळ फिसकटते. हे कागद उन्हाला सोसतात, ओल त्यांना सोसत नाही. राजवाडे मूळचे कोकणातले, पेणजवळच्या वरसईचे. त्यांच्या जन्मगावच्या दमट हवेत हे दप्तर राहिलं असतं तर बुरशीने त्याची काय गत केली असती कोण जाणे. खानदेशचा उन्हाळा माणसाला नकोसा होतो, कागद त्यात ठिसूळ होतो हेही खरं, पण आठ महिने कोरडी राहणारी ही हवा काजळाच्या शाईला मानवते.

लिहिणाऱ्याने आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली आहे. मग तिला अक्षरं लटकवत नेली आहेत, हात न उचलता. या मोडी लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, पूर्णविराम नसतो, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. वर ‘श्री’, मग ज्याला लिहायचं त्याच्या मानाप्रमाणे मायना, मग ‘विनंति उपरी’ आणि पुढे मजकूर. शेवटी तारीख. इथेच खरी गंमत आहे आणि खरा घामही इथेच निघतो. तारीख म्हणून बहुतेकदा फक्त मुसलमानी महिना आणि त्यातला चंद्र दिलेला असतो. ‘छ’ आणि आकडा आणि रजब किंवा साबान. साल नाही! ज्याला पत्र लिहिलं त्याला साल माहीतच होतं, मग कारकून कशाला लिहील? साल दिलं असलंच तर ते सुहूर सनातलं आणि अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसलं की एक, साठ, शंभर आणि हजार अशी बेरीज करायची, अकराशे एकसष्ट येतात. हा सन मृगाला सुरू होतो. म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे झालं १७६०-६१, पानिपताचं वर्ष.

आणि सनच नसेल तर? तर पत्रात कोणाचा मुक्काम कुठे आहे, कोण जिवंत आहे, कोणाला मुलगा झाल्याची खबर आहे, नदी उतारास आली की नाही, हे बघत बघत ते कोणत्या वर्षी बसतं हे शोधून काढायचं. एका कागदासाठी दहा कागद धुंडाळायचे. राजवाड्यांनी हे काम हजारो कागदांवर केलं. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. पुढे अशा खंडांची संख्या बावीसवर गेली. आज आपण पानिपतावर कादंबऱ्या वाचतो, नाटकं-सिनेमे बघतो. त्या सगळ्यांच्या तळाशी असे साल हरवलेले कागद आणि त्यांना साल मिळवून देणारा माणूस आहे.

या दप्तराचं तरुणपण वाटेवर गेलं. याला कारण आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुण्याचं पेशवे दप्तर इंग्रजांच्या हाती गेलं. सरकारी कुलपाआड असलेले ते कागद राजवाड्यांसारख्या माणसाला बघायला मिळणं शक्य नव्हतं. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून निघाले ते १९३० नंतर, तोवर राजवाडे गेलेले होते. सरकारचा दरवाजा बंद, म्हणून राजवाडे लोकांच्या दारांकडे वळले. जुनी सरदार घराणी, फडणिसांचे वाडे, मठ, देवस्थानं, कुळकर्ण्यांच्या माळ्यांवरच्या फडताळांत पडलेली पुडकी. पण तिथेही कागद सहज हाती येत नसत. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशन आलं होतं, त्याने लोकांची वतनं-इनामं तपासून कितीतरी जप्त केली होती. कागद दाखवला आणि जमीन गेली, असा अनुभव घराघरांत होता. तेव्हा कोणी परका माणूस दारात येऊन ‘जुने कागद आहेत का’ विचारू लागला की ‘नाहीत’ हेच उत्तर येई. आणि ज्यांना भीती नव्हती, त्यांच्या घरी ते कागद बंबात गेलेले, वाण्याच्या पुड्यांसाठी विकले गेलेले. म्हणून दप्तरात आलेल्या प्रत्येक कागदामागे न आलेले अनेक आहेत, हे तो हातात घेताना विसरता येत नाही.

दप्तराचा स्वभाव कसा आहे विचाराल तर ते मितभाषी आहे आणि कोणाचीही भीड ठेवत नाही. राजवाड्यांचीसुद्धा नाही. हे मी मुद्दाम सांगतो.

राजवाडे मोठे होते, आणि त्यांची मतं काही बाबतींत आज आपल्याला पटूच नयेत अशी होती. वारकरी संतांबद्दल त्यांनी तुच्छतेने लिहिलं. जातींच्या उच्चनीचतेबद्दल ते अशा ठामपणाने बोलत की चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंवरच्या त्यांच्या लिखाणाला उत्तर म्हणून प्रबोधनकार ठाकऱ्यांना १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहावा लागला. त्यांच्या व्युत्पत्त्याही पुष्कळदा ओढूनताणून आणलेल्या, भाषाशास्त्राच्या पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या कितीतरी टाकून दिल्या. या गोष्टी झाकून त्यांचा गौरव करणं म्हणजे त्यांच्याच पद्धतीशी बेइमानी आहे. बखरीतल्या कौतुकाच्या गोष्टींपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं.

आणि इथेच दप्तर मालकाहून मोठं ठरतं. राजवाड्यांनी एका मताने कागद गोळा केला असेल, कागद त्या मताला बांधील नाही. गावच्या वतनाचा तंटा लागला की महजर, म्हणजे साक्षींसह लिहिलेला निवाडा, होई. गोतसभेत पाटील, कुळकर्णी, चौगुला, बलुतेदार बसत. सुतार, लोहार, महार यांच्या साक्षी लिहिल्या जात, ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करत. पाटलाचा नांगर, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. राजवाड्यांनी आपल्या प्रस्तावनांत समाजाची उतरंड कशीही मांडलेली असो, तो महजर मात्र सांगतो की गावातला तंटा या सगळ्यांच्या साक्षीवाचून मिटत नव्हता. त्यांच्या मतांशी कडाडून भांडणाऱ्या अभ्यासकालासुद्धा भांडणाचं सामान त्यांच्याच खंडांतून घ्यावं लागतं. राजवाड्यांनी स्वतःच्या विरुद्ध जाऊ शकेल असा पुरावा फाडला नाही, छापला. माझ्या लेखी त्यांचं थोरपण त्यांच्या प्रस्तावनांपेक्षा या एका गोष्टीत जास्त आहे.

प्रस्तावना मात्र विलक्षण, हेही सांगायला हवं. ‘राधामाधवविलासचंपू’ किंवा ‘महिकावतीची बखर’ उघडून बघा. मूळ ग्रंथाला झाकून टाकील एवढी प्रस्तावना. शहाजीराजांवर सुरुवात करायची आणि समाजाच्या घडणीपर्यंत जायचं, उत्तर कोकणातल्या वसाहतीवर बोलता बोलता महाराष्ट्र कसा वसला याचा आराखडा मांडायचा. दप्तरातल्या त्यांच्या स्वतःच्या लेखनाचा पसाराही असाच. ज्ञानेश्वरीच्या मराठीचं व्याकरण, संस्कृत भाषेचा उलगडा, प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चं भाषांतर, विवाहसंस्थेचा इतिहास. एका आयुष्यात न मावणारी कामं एका आयुष्यात सुरू केलेली.

हे दप्तर धुळ्यालाच का राहिलं? राजवाड्यांनी १९१० साली खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं होतं. त्यांचे काही कागद तिथे राहिले. पण पुढे त्या मंडळाशी त्यांचं जमेनासं झालं आणि ते धुळ्याकडे वळले. धुळ्यात त्यांची माणसं होती. शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांना खानदेश नानासाहेब देव म्हणून ओळखतो, पेशाने वकील. त्यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली, डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत शोधून छापली, रामदासी संप्रदायाच्या पोथ्या मठामठांतून गोळा केल्या. त्यांनी जमवलेलं ते धन धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. दुसरे भास्कर वामन भट, तेही वकील, तेही इतिहासाने झपाटलेले. राजवाडे गेल्यावर मंडळाचा गाडा ओढणाऱ्यांत ते पुढे होते. १९३२ साली मंडळाचं ‘संशोधक’ हे त्रैमासिक सुरू झालं.

दोन वकिलांच्या गावात हे कागद सुरक्षित राहिले, यात मला काही नवल वाटत नाही. वकिलाला कागदाची किंमत ठाऊक असते. एक सही नसली की खटला कसा बुडतो हे तो रोज कोर्टात बघतो.

पण त्या काळच्या खानदेशात लिहून ठेवण्याची एक ओढच होती असं मला वाटतं. १९०६ साली सरकारने खानदेशाचे दोन तुकडे केले, पूर्वेचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळं. तापीकाठच्या या मुलखात ना विद्यापीठ होतं ना मोठं ग्रंथालय. तरी १९१६ साली अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्याच अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित रोज स्वतः लिहून काढत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, आणि ती प्रवचनं जगाला मिळाली ती साने गुरुजींनी बसल्या बसल्या उतरून घेतली म्हणून. याच गुरुजींनी राजवाड्यांचं चरित्रही लिहिलं. आणि जळगावच्या बहिणाबाई तर निरक्षर. शेतात, जात्यावर त्यांच्या तोंडून आलेली ओवी घरातल्या मुलांनी वहीत टिपली नसती तर १९५१ साली त्यांच्याबरोबरच गेली असती. टिपून ठेवणारा हात नसेल तर बोलणारं तोंड कितीही मोठं असलं तरी काही उरत नाही, हे खानदेशाइतकं कोणी अनुभवलं नसेल.

असंच एक दप्तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्याची ओळख करून द्यायचा मोह होतो. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर हे अमेरिकेचे इतिहासाचे प्राध्यापक. जन्म १८६१, म्हणजे राजवाड्यांहून दोनच वर्षांनी मोठे. १८९३ साली शिकागोत त्यांनी एक निबंध वाचला: अमेरिकेचं मन घडलं ते पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या वस्तीच्या सरहद्दीवर. त्या एका निबंधाने त्यांच्या देशाच्या इतिहासलेखनाची दिशा बदलली. आधी विस्कॉन्सिनला, मग १९१० ते १९२४ हार्वर्डला त्यांनी शिकवलं. निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात काम करू लागले आणि १९३२ साली वारले. पुस्तकं त्यांनी थोडी लिहिली, टिपणं मात्र अपार. पत्रं, व्याख्यानांची टाचणं, नकाशे, खणांत ओळीने लावलेली कार्डं, हे सगळं त्या ग्रंथालयात आहे. ज्या मोठ्या ग्रंथावर ते वर्षानुवर्षं काम करत होते तो अपुराच राहिला आणि त्यांच्या मागे, १९३५ साली, निघाला.

आता इकडे पाहा. राजवाडे अखेरच्या काळात मराठी धातूंच्या कोशात गुंतले होते. ते कामही त्यांच्या मृत्यूने अर्ध्यावर राहिलं. धुळ्याच्या मंडळाने ते कृ. पां. कुलकर्ण्यांच्या हाती सोपवलं आणि १९३७ साली धातुकोश छापला, पुढे १९४२ साली ‘नामादि शब्दव्युत्पत्ति-कोश’. दोघांची अपुरी पुस्तकं जवळपास एकाच वेळी जगापुढे आली. फरक आहे तो पाठबळात. टर्नरांच्या कागदांमागे एका रेल्वेवाल्या कोट्यधीशाचं ग्रंथालय होतं. तिथे अशा कागदांसाठी आम्लविरहित पेट्या असतात, तापमान आणि दमटपणा मोजून राखलेला असतो, प्रत्येक पेटीत काय आहे याची छापील सूची असते, आणि दप्तर केवढं हे सांगताना फळीवर त्याने किती फूट जागा व्यापली ते सांगतात. राजवाड्यांच्या कागदांमागे पांझरेकाठचं एक गाव होतं. त्या गावाने एका परगावच्या, फटकळ, कोणाशी फार न पटणाऱ्या विद्वानाचे कागद आपले मानले. मंडळात पुढे जुन्या मूर्ती, ताम्रपट, नाणी आली, वस्तुसंग्रहालय झालं. मु. ब. शहांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य तेरा खंडांत निघालं, तेही धुळ्याहूनच. धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानांच्या पाट्या वाचत जाणाऱ्याला कदाचित ठाऊकही नसेल की मराठी इतिहासाचा एवढा ऐवज पलीकडच्या गल्लीत आहे.

मला या शहराचा अभिमान वाटतो आणि काळजीही वाटते. पहिली काळजी वाळवीची नाही, वाचणाऱ्याची आहे. मोडी एके काळी शाळांत शिकवत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती अभ्यासक्रमातून गेली, आणि दोन पिढ्यांत आपल्याच पणजोबांची पत्रं आपल्याला परकी झाली. ज्याला सरकारने कुलूप लावलं नाही अशा दप्तरालाही आपण असं कुलूप लावलं. रुमाल सोडला, कागद उलगडला, अक्षर काळंभोर, आणि समोरचा पदवीधर गप्प! दप्तराला याहून मोठी इजा नाही. कागदाचं छायाचित्र काढून संगणकात ठेवलं की तो वाचला, असं हल्ली आपण मानतो. छायाचित्र कागदाला जपतं हे खरं आणि ते झपाट्याने व्हायलाच हवं, पण वाचायचं काम शेवटी माणसालाच करावं लागतं.

मोडी अवघड आहे हा समजही फसवा आहे. मराठी येणाऱ्याला अक्षरओळख होण्यापुरते काही आठवडे पुरतात, मग सराव. राज्य सरकारचा पुराभिलेख विभाग आणि ठिकठिकाणच्या संस्था मोडीचे वर्ग घेतात. जळगावच्या विद्यापीठात इतिहास घेऊन एम. ए. करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी हात जोडून सांगेन, की प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी मोडी शिका आणि धुळ्याला जा. छापील पुस्तकांतून पुस्तक काढण्याचा कंटाळा येत नाही का? साल हरवलेल्या एका पत्राला साल मिळवून द्या, मग इतिहास म्हणजे काय ते कळेल. आणि राजवाड्यांची प्रस्तावना वाचताना त्यांच्याशी भांडा. त्यांना ते आवडलं असतं की नाही सांगता येत नाही, पण भांडायला लागणारं सगळं त्यांनी गोळा करून ठेवलं आहे.

आणि ज्यांचा इतिहासाशी संबंध नाही अशा वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या घरात, माळ्यावर, देवघराच्या फडताळात, आजोबांच्या ट्रंकेत एखादं पुडकं असेल. चाळीसगावला, पारोळ्याला, शिरपूरला, शिंदखेड्याला, कुठेही. त्यातलं अक्षर लागत नाही म्हणून घर रंगवायच्या वेळी ते रद्दीत टाकू नका. फाटलं असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये घालून तापवून बंद करू नका, तो कागद मग कोणालाच सोडवता येत नाही. ओल्या फडक्याने पुसू नका, शाई जाईल. घड्या पडल्या असतील तिथेच जोराने दाबून सरळ करू नका. कोरड्या सुती कापडात सैल बांधा, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवा, पावसाळा संपला की मधूनमधून वारा द्या. मग मोडी वाचणारं माणूस शोधा आणि नुसतं विचारा, की हे काय आहे. कागद द्यायचा नसेल तर देऊ नका, तो तुमचा आहे. त्याची छायाचित्रं काढू द्या, एवढंच पुरे. इनाम कमिशनची भीती आता उरलेली नाही. दाखवलेल्या कागदामुळे आता कोणाची जमीन जात नाही.